मोठ्या कंपनीतली क्रिटिकल आयटी नीट सांभाळायची तर पहिलं लक्ष कशाकडे द्यायचं?

तुम्ही विचारलंय की मोठ्या कंपनीत नुकतीच आयटीची जबाबदारी अंगावर आलीये, सिस्टिम भरपूर आहेत, प्रत्येक डिपार्टमेंट म्हणतंय आमचीच सगळ्यात क्रिटिकल, बजेट मात्र तेवढंच, मग सुरुवात कुठून करायची आणि व्हेंडरवर किती सोडायचं. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या आयटीत बरीच वर्षं आहे, त्यामुळे उदाहरणं कारखान्यातली येतील, पण बँक असो नाहीतर हॉस्पिटल, मुद्दा तोच राहतो.

माझं ठाम मत आहे की कुठली सिस्टिम किती क्रिटिकल हे आयटीवाल्यांनी ठरवूच नये. ज्याचं काम अडतं त्याने सांगायचं, किती वेळ बंद चालेल आणि किती वेळाचा डेटा गेला तर चालेल, आणि त्या कागदावर सही पण त्याचीच. बॅकअप, डीआर (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे मुख्य सिस्टिम पडली तर दुसऱ्या जागेवरनं काम चालू करायची सोय), मॉनिटरिंग, रात्रीचा सपोर्ट, व्हेंडरचं काँट्रॅक्ट, हे सगळं त्या एका कागदावरनं निघतं. तो कागद नसेल तर कितीही भारी सर्व्हर घ्या, पैसा चुकीच्या जागी जातो.

आणि हा कागद मीटिंग रूममधे बसून बनत नाही, मीटिंगमधे सगळेच म्हणतात चोवीस तास पाहिजे. तुम्ही शिफ्ट बदलायच्या वेळी डिस्पॅचला जाऊन उभे राहा. आमच्याकडे माल तयार असतो, गाडी भरलेली असते, पण इन्व्हॉइस आणि ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवरनं काढायचा कागद) निघाल्याशिवाय ती गेटबाहेर जात नाही, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वरचा माल म्हणजे ई-वे बिल आलंच. ती गाडी सिन्नर-संगमनेर करत चाकणला पोचायची असते आणि समोरच्या कंपनीकडे आपल्या पार्टचा साठा काही तासांचाच असतो, तिकडे लाइन थांबली की डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, आपल्या नावावर. आता त्या एका ई-वे बिलामागे काय काय आहे बघा, ईआरपी (कंपनीचा साठा, विक्री, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), त्याचा डेटाबेस, ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलला जोडणारं मधलं सॉफ्टवेअर, इंटरनेटची लाइन, आणि बारकोडची लेबलं छापणारा कोपऱ्यातला जुना पीसी. आयटीच्या यादीत ईआरपी असतं, तो पीसी नसतो, आणि गाडी दोघांमुळे सारखीच अडते. डिस्पॅचच्या माणसाला विचारा, तो दोन मिनिटांत सांगेल कशामुळे अडतं, त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

दुसरं म्हणजे क्रिटिकल हे तारखेवर आणि घड्याळावर अवलंबून असतं. पगाराची सिस्टिम महिन्याच्या मधे दिवसभर बंद राहिली तर कुणाला कळणार पण नाही, पण पगाराच्या आदल्या दिवशी बंद पडली तर बोंब होते. जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नच्या तारखा, म्हणजे जीएसटीआर-१ ची ११ आणि ३-बी ची २०, वर्षअखेर, स्टॉक टेकिंग, हे सगळं त्या कागदावर आलं पाहिजे, आणि त्या दिवसांत त्या सिस्टिमला कुणीही हात लावायचा नाही हे पण लिहून ठेवायचं.

मग पैशाचं बोलणं सोपं होतं. ९९.९ टक्के चालू म्हणजे वर्षात पावणेनऊ तासांच्या आसपास बंद, ९९.९९ टक्के म्हणजे जेमतेम ५२ मिनिटं. या दोन आकड्यांच्या मधे दुसरी साइट, डबल लायसन्स, रात्रपाळीची माणसं असा मोठा खर्च बसलेला असतो. प्लँट हेडपुढे दोन्हीची किंमत ठेवा आणि त्याला निवडू द्या. बहुतेक जण स्वतःच खाली येतात, आणि ज्या एक-दोन सिस्टिमसाठी येत नाहीत त्याच तुमच्या खऱ्या क्रिटिकल, तिथे मग पैसे मागताना भांडावं लागत नाही.

बॅकअपबद्दल मात्र मला जरा लांबून सांगायचंय कारण मोठ्यामोठ्यांचं घोडं इथेच अडलंय. ऑगस्ट २०२३ मधे टोयोटाचे जपानमधले सगळे १४ कारखाने बंद पडले. कारण काय, तर पार्टच्या ऑर्डर हाताळणाऱ्या काही सर्व्हरची डिस्क भरली. आदल्या दिवशी नेहमीचं मेंटेनन्स झालं होतं, डेटाबेसमधला डेटा काढून नीट लावायचं काम चालू होतं आणि जागा कमी पडली. बॅकअपचे सर्व्हर पण होते की, पण ते त्याच सिस्टिमवर चालणारे, म्हणून तिकडेही तोच प्रॉब्लेम आला आणि काम त्यांच्यावर वळवता आलंच नाही. जगात शिस्तीसाठी जिचं नाव घेतात त्या कंपनीत हे झालं. त्यामुळे दोन सर्व्हर आहेत म्हणून निवांत राहू नका, दोघांना एकाच वेळी मारणारं काय आहे ते शोधा. तीच डिस्क, तोच पासवर्ड, तोच अॅडमिन, तोच इलेक्ट्रिकचा फीडर. आमच्याकडे मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की लाइट जाते, तेव्हा जनरेटर सुरू होतो का एवढंच लोक बघतात, पण सर्व्हर रूमचा एसी जनरेटरवर आहे का हे कुणी बघत नाही, आणि नाशिकच्या मे महिन्यात एसीशिवाय सर्व्हर रूम फार वेळ टिकत नाही.

बॅकअप सक्सेसफुल असा ईमेल रोज येतो, त्यावर विश्वास ठेवू नका. गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत जानेवारी २०१७ ला एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेस डिलीट झाला आणि तेव्हा लक्षात आलं की बॅकअपच्या ज्या पाच पद्धती होत्या त्यातली एकही धड कामाची नव्हती, शेवटी सहा तास आधीची एक कॉपी नशिबाने सापडली त्यावर निभावलं. म्हणून साप्ताहिक सुट्टीला खरंखुरं रिस्टोर करायचं, म्हणजे बॅकअपमधनं सिस्टिम परत उभी करायची, वेगळ्या मशीनवर, आणि ते झालं हे आयटीच्या माणसाने सांगायचं नाही. स्टोअरच्या माणसाने त्यात एक जीआरएन (माल आल्याची नोंद) करून बघायचं, अकाउंट्सने एक व्हाउचर टाकून बघायचं, त्यांनी हो म्हटलं की झालं. वेळ लिहून ठेवा. कागदावर चार तास लिहिलंय आणि खरं अकरा तास लागले तर खरा आकडा अकराच, तो वरच्यांना सांगा.

बदल करताना पण तसंच. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर ट्रेडिंगची कंपनी होती, १ ऑगस्ट २०१२ ला नवीन कोड आठ सर्व्हरपैकी सातवर गेला आणि एकावर राहिला, त्या एकावरचा जुना कोड जागा झाला, चुकीचे सौदे करत सुटला आणि पाऊण तासात ४६ कोटी डॉलरच्या वर गेले. मला त्यातली जास्त अंगावर येणारी गोष्ट वेगळीच वाटते, बाजार उघडायच्या आधी त्यांच्याच सिस्टिमने एररचे ९७ ईमेल पाठवले होते, पण त्यांना अलर्ट म्हणून बघायची कुणाला सवयच नव्हती. तुमच्या टीमच्या मेलबॉक्समधे आत्ता न वाचलेले असे किती पडलेत ते बघा आणि ज्यावर कुणी काही करणारच नाही ते अलर्ट सरळ बंद करून टाका, म्हणजे उरलेले दिसतील.

आता व्हेंडर. काम देता येतं, जबाबदारी देता येत नाही. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मधे सुमारे ५२ लाख ग्राहक नव्या सिस्टिमवर नेले आणि १९ लाखांच्या आसपास लोक स्वतःच्याच खात्यातून बाहेर अडकले. मुख्य व्हेंडर त्यांच्याच ग्रुपची कंपनी होती आणि तिच्यामागे आणखी ८५ कंपन्या. आम्ही तयार आहोत असं व्हेंडरकडून पत्र घेतलेलं होतं, त्यात खोलात जाऊन कुणी बघितलं नाही. २०२२ मधे बँकेला ४.८६५ कोटी पौंड दंड झाला आणि पुढच्या वर्षी त्यांच्या सीआयओला (आयटीच्या प्रमुखाला) वैयक्तिक ८१,६२० पौंड, स्वतःच्या खिशातून. आपल्याकडचं घ्या, जुलै २०२४ च्या शेवटी छोट्या बँकांच्या सिस्टिम चालवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंटच्या नेटवर्कपासून तोडलं आणि सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय, एटीएम अडलं. त्या बँकांनी काही वावगं केलं नव्हतं, पण काउंटरवर शिव्या त्यांच्याच क्लार्कने खाल्ल्या असणार. व्हेंडरला एसएलएचा (किती वेळात काय सेवा देणार त्या हमीचा) पेपर मागू नका, त्याने शेवटचं रिस्टोर कधी केलं ते मागा, आणि त्याच्यामागे कोण आहे त्यांची नावं मागा.

अजून एक गोष्ट जी लिहून ठेवलेली नसते, ती म्हणजे डीआरला जायचं हे कुणी म्हणायचं. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसई या शेअर बाजाराचं ट्रेडिंग ११.४० ला थांबलं, डीआर साइट होती तरी तिकडे गेले नाहीत, बाजार परत उघडला पावणेचारला. पुढच्याच महिन्यात शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने नियम केला की बिघाड झाल्यापासून ३० मिनिटांत डिझास्टर जाहीर करायचं आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पुन्हा सुरू व्हायचं. हा नियम मला फार आवडतो कारण अर्ध्या तासानंतर वाट बघत बसायची मुभाच काढून घेतलीये. प्रत्येक आयटीवाल्याला वाटतं अजून दहा मिनिटं, होईलच, आणि त्या दहा-दहा मिनिटांत दुपार जाते. तुम्ही पण एक माणूस आणि त्याच्या गैरहजेरीत दुसरा, दोन नावं लिहा, रात्री तीनला पण त्याला परवानगी मागावी लागू नये.

तोपर्यंत धंदा हाताने कसा चालवायचा हे पण शिकवा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षेच्या कंपनीच्या अपडेटने जगभरात ८५ लाख विंडोज मशीन पडली तेव्हा आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले, उशीर झाला, काही विमानं रद्दही झाली, पण बरीच उडाली. आमच्या धंद्यात ईआरपी बंद असलं तरी ई-वे बिल सरकारी पोर्टलवर थेट लॉगिन करून काढता येतं, पण ते लॉगिन सेकंड शिफ्टच्या डिस्पॅच क्लार्ककडे असलं पाहिजे आणि त्याने ते आधी एकदा करून बघितलेलं असलं पाहिजे. आयटीला पुढे चार तास लागले तरी गाडी जाते. मला या सगळ्याचं एवढं वाटतं ते यासाठीच, सिस्टिम पडली की सगळ्यात आधी भोगतो तो गेटवर गाडी लावून बसलेला ड्रायव्हर आणि लाइनवरचा कॉन्ट्रॅक्टचा पोरगा, ज्याला सांगतात आज काम नाही, घरी जा. डॅशबोर्डवर ते दोघं कुठेच दिसत नाहीत.

तुम्ही नाशिकचेच असाल तर एक वेगळं सांगतो, सिंहस्थ आत्ताच धरून चला. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधे अमृत स्नानाच्या दिवसांत शहरातले रस्ते बंद असतील, मोबाइलच्या नेटवर्कवर लाखो लोकांचा लोड असेल, आणि तुमचा सर्व्हर इंजिनिअर पंचवटीत राहत असेल तर तो अंबडला पोचेलच असं धरू नका. त्या तारखांना कुठलाही बदल नको, प्लँटच्या जवळ राहणारा किंवा तिथेच मुक्कामाला थांबणारा एक माणूस हवा, स्पेअर हार्ड डिस्क आणि स्विच आधीच आणून ठेवलेले हवेत, आणि व्हेंडरच्या काँट्रॅक्टमधे दोन तासांत साइटवर असं लिहिलं असेल तर त्या दिवसांसाठी काय ते त्याच्याकडून आत्ताच लिहून घ्या.