आधुनिक उदारमतवाद आणि अभिजात उदारमतवाद यांत नेमका फरक कोणता?

आपला प्रश्न असा आहे की, आधुनिक उदारमतवाद म्हणजे काय, आणि ‘व्यक्तीला मोकळे सोडा’ असे सांगणारी विचारसरणी पुढे किमान वेतनाची व सरकारी निवृत्तिवेतनाची बाजू घेऊ लागली, तेव्हा तिने जुने नाव कायम ठेवून आतून समाजवाद स्वीकारला, असे म्हणायचे का. या प्रश्नाला बहुधा ‘अभिजात, म्हणजे जुन्या मूळ वळणाच्या, उदारमतवाद्यांना लहान सरकार हवे, आधुनिकांना मोठे’ असे उत्तर दिले जाते. ते चूक नाही. पण सरकारचा आकार हा मतभेदाचा परिणाम आहे, मतभेद नव्हे. मूळ वाद स्वातंत्र्याच्या आड येणारी गोष्ट कोणती मानायची, याविषयी आहे.

हा वाद समजून घेण्यासाठी मला सशांचे उदाहरण सर्वांत उपयोगी वाटते. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये कुळाच्या उभ्या पिकात ससे शिरले, तरी त्यांना मारण्याची मुभा त्याला पुष्कळदा नसे. कारण शिकारीचा हक्क जमीनदार करारातच स्वतःकडे राखून ठेवत असे. १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या लिबरल (म्हणजे उदारमतवादी) पक्षाच्या सरकारने कायदा करून ससे मारण्याचा हक्क कुळाला दिला, आणि कुळाने तो लेखी करार करून सोडून दिला तरी तेवढ्यापुरता तो करार निरर्थक ठरेल, अशी तरतूदही त्यात केली. दोन सज्ञान माणसे राजीखुशीने जे ठरवतात त्यात सरकारने का पडावे, असा आक्षेप यावर घेण्यात आला. आणि गंमत अशी की, हा आक्षेप उदारमतवादाच्याच भात्यातला होता.

तो भाता कसा भरला गेला, हे थोडक्यात सांगतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे माणसाचे नैसर्गिक हक्क मानले व त्यांचे रक्षण करणे हेच शासनाचे प्रयोजन ठरवले. १७७६ साली अ‍ॅडम स्मिथने व्यापारातील मक्तेदाऱ्या आणि निर्बंध यांवर प्रखर टीका केली. १८४६ साली ब्रिटनने परदेशी धान्यावर जकात बसवणारे कायदे मागे घेतले, तो या विचारसरणीचा मोठा विजय मानला जातो. या सर्व लढ्यांत समोरचा प्रतिपक्ष एकच होता: राजाची मर्जी, कृपापात्र व्यापाऱ्यांना मिळालेले परवाने, जमीनदारांच्या हिताची जकात. सत्ता ज्यांच्या बाजूने हस्तक्षेप करत असे ते आधीच सुस्थितीत होते. त्यामुळे शासनाने हात आवरणे म्हणजे स्वातंत्र्य, हे समीकरण त्या काळी केवळ तात्त्विक नव्हते, अनुभवातून आलेले होते. शिवाय अभिजात उदारमतवाद्यांना गरिबांचे सोयरसुतक नव्हते, ही समजूतही साफ चुकीची आहे. स्मिथने सामान्य लोकांच्या शिक्षणासाठी सार्वजनिक खर्चाचे समर्थन केले होते आणि मजुरी वाढू नये म्हणून मालक आपसात गुपचूप संगनमत करतात, हेही स्पष्टपणे लिहिले होते.

सशांच्या कायद्यावरील आक्षेपाला ऑक्सफर्डमधील तत्त्वज्ञ टी. एच. ग्रीन यांनी १८८१ साली लेस्टर येथील व्याख्यानात उत्तर दिले, आणि माझ्या मते आधुनिक उदारमतवादाचा तात्त्विक पाया या व्याख्यानात घातला गेला. त्यांचा युक्तिवाद असा की, स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचा करार कितीही राजीखुशीने केला तरी आपण तो वैध मानत नाही. म्हणजे करारस्वातंत्र्य हे अंतिम मूल्य नसून दुसऱ्या कशाचे तरी साधन आहे, हे आपण आधीच मान्य केलेले असते. (इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनेही १८५९ सालच्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात गुलामगिरीच्या कराराविषयी हाच निष्कर्ष काढला होता, पण त्याचा रोख वेगळा होता.) ते साध्य म्हणजे करण्याजोगे काही करण्याचे आणि उपभोगण्याजोगे काही उपभोगण्याचे, सर्वांना मिळून लाभणारे प्रत्यक्ष सामर्थ्य, असे ग्रीन म्हणतात. येथे ‘स्वातंत्र्य’ या शब्दाचा अर्थ बदलतो. जुन्या अर्थाने कोणी अडवत नसेल तर माणूस स्वतंत्र असतो. नव्या अर्थाने, तो काही करू शकत असेल तर स्वतंत्र असतो. पुढे १९५८ साली ऑक्सफर्डमधीलच तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन यांनी नकारात्मक आणि सकारात्मक स्वातंत्र्य अशी विभागणी करून, यांतील दुसऱ्या कल्पनेतून हुकूमशाहीकडे जाणारी वाट कशी फुटू शकते, याचा इशारा दिला.

व्यवहारात या फरकाचे परिणाम काय होतात, हे अमेरिकेतील एका खटल्यात लख्ख दिसते. न्यूयॉर्क राज्याने पावभट्टीतील कामगारांचे काम दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांपुरते मर्यादित केले होते. १९०५ साली लॉकनर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी हा कायदा रद्द केला. किती तास काम करायचे हे मालक आणि कामगार यांनी आपसात ठरवावे, त्यात पडणे म्हणजे दोघांच्याही स्वातंत्र्याचा संकोच, अशी बहुमताची भूमिका होती. न्यायमूर्ती होम्स यांनी विरोधी निकालपत्रात सरकारी हस्तक्षेपाचे कडवे विरोधक असलेले इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सर यांचे सामाजिक तत्त्वज्ञान काही संविधानात लिहिलेले नाही, असा टोला लगावला. १९३७ साली स्त्रियांच्या किमान वेतनाचा कायदा त्याच न्यायालयापुढे आला, तेव्हा तो पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनीच, पण या वेळी वैध ठरला, आणि संविधान स्वातंत्र्याविषयी बोलते, करारस्वातंत्र्याविषयी नव्हे, असे न्यायालयाने नमूद केले. दोन्ही बाजू स्वातंत्र्याच्याच नावाने बोलत होत्या, हे विसरू नये. ज्याच्यापुढे उपासमार हाच दुसरा पर्याय आहे त्याच्या होकाराला होकार म्हणायचे का, एवढाच मुद्दा होता.

स्पेन्सर यांचा उल्लेख आला आहे, तर त्यांचा आक्षेपही नोंदवला पाहिजे, कारण तो वाटतो तितका सहज खोडून काढता येत नाही. १८८४ साली त्यांनी लिहिले की, जुन्या लिबरलांनी बंधने काढून टाकली आणि त्यातून लोकांचे भले झाले. नव्यांनी मात्र लोकांचे भले हेच थेट उद्दिष्ट मानले आणि त्यासाठी नवी बंधने घालायला सुरुवात केली. परिणामालाच पद्धत समजण्याची ही चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ब्रिटिश विचारवंत एल. टी. हॉबहाउस यांनी १९११ सालच्या आपल्या पुस्तकात जी मांडणी केली, तिच्यात याचे उत्तर सापडते: प्रत्येक स्वातंत्र्य कोणावर ना कोणावर घातलेल्या बंधनावरच उभे असते, आणि चोरीवरील बंदी जशी मालकाला मोकळीक देते तशीच कामाच्या तासांवरील मर्यादा कामगाराला देते. म्हणून बंधन हवे की नको यापेक्षा कोणाचे कोणावरील बंधन, हा प्रश्न अधिक नेमका ठरतो.

ब्रिटनमध्ये या विचाराला ‘नवा उदारमतवाद’ म्हणत. मराठीत आपण ‘नवउदारमतवाद’ हा शब्द १९७० नंतरच्या खासगीकरणवादी धोरणांसाठी वापरतो. म्हणजे एकाच नावाने जवळजवळ विरुद्ध गोष्टी ओळखल्या जातात, आणि चर्चेतील निम्मा गोंधळ त्यातूनच होतो असे मला वाटते. त्या नव्या उदारमतवादाने १९०८ साली सत्तर वर्षांवरील गरजूंना निवृत्तिवेतन आणि १९११ साली आजारपण व बेकारी यांचा राष्ट्रीय विमा आणला. अमेरिकेत १९३० च्या दशकात अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आपल्या कार्यक्रमाला ‘लिबरल’ म्हटले, त्यामुळे तेथे हा शब्द आजही डावीकडे झुकलेला आहे. युरोपच्या बऱ्याच भागांत मात्र तो बाजारवादी पक्षांना लावला जातो.

राहिला समाजवादाचा प्रश्न. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स आणि १९४२ सालच्या सामाजिक सुरक्षा अहवालाचे लेखक बेव्हरिज हे दोघेही लिबरल होते आणि दोघांनाही खासगी मालकीची बाजारव्यवस्था मोडायची नव्हती. खरा बदल मालमत्तेच्या दर्जात झाला: लॉकच्या मांडणीत ती शासनाच्या आधीची आहे, तर आधुनिकांच्या मते कोणाच्या वाट्याला काय येते हे मुळात कायदे आणि सामाजिक सहकार्य यांवरच अवलंबून असते. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली हा विचार टोकाला नेला. समाजात आपले स्थान कोणते असेल हे ठाऊक नसताना, अज्ञानाच्या पडद्याआड बसून नियम ठरवायचे झाल्यास, आपण आधी सर्वांना समान मूलभूत स्वातंत्र्ये देऊ आणि मग सर्वांत तळाच्या लोकांच्या हिताची असेल तेवढीच विषमता चालवून घेऊ, असे त्यांचे प्रतिपादन आहे. विचार, मत आणि मतदान यांची स्वातंत्र्ये आर्थिक लाभासाठी विकता येत नाहीत, हा त्यांचा क्रम पाहिला की ही परंपरा उदारमतवादीच आहे याविषयी मला शंका राहत नाही. मात्र उत्पादनसाधनांच्या मालकीचा हक्क त्या मूलभूत यादीत नाही, आणि अभिजात उदारमतवादी नेमके येथेच अडतो. अभिजात बाजूने अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली विचारले की, लोकांनी स्वखुशीने एखाद्या खेळाडूला पैसे दिले आणि तो श्रीमंत झाला, तर ठरलेली वाटणी टिकवण्यासाठी आपण सतत त्यांच्या व्यवहारात हात घालत राहणार का?

माझा कल आधुनिकांकडे आहे; सशांच्या बाबतीत ग्रीनच बरोबर होते असे मी मानतो. तरीही नोझिक यांच्यापेक्षा अभिजात परंपरेतलेच अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख हायेक यांची शंका मला अधिक जड वाटते. निराधारांना किमान आधार द्यायला हायेक यांचा विरोध नव्हता. सर्वांना सारखे लागू होणारे, आधी जाहीर केलेले सामान्य नियम बाजूला सारून अधिकारी प्रकरणागणिक ‘न्याय्य’ काय ते ठरवू लागतील, ही त्यांची भीती होती. सशांचा कायदा सर्व कुळांना सारखाच लागू होता, त्यामुळे त्याला ही शंका लागू पडत नाही. पण ज्या कल्याणकारी योजनेत पात्रता एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठरते, तिला ती पुरेपूर लागू पडते, आणि अशा योजनेचे समर्थन ग्रीन यांच्या व्याख्यानातून काढता येईल असे मला वाटत नाही.