आईच्या आठवणीत चार शब्द बोलायचे आहेत, पण ‘प्रेमळ’ आणि ‘कष्टाळू’ याच्यापुढे काही सुचत नाही. काय बोलू?

तुम्ही लिहिलंय की आई जाऊन दोन आठवडे झाले. ती सगळं आयुष्य एका लहान गावात राहिली, मुलं आणि नातवंडं हेच तिचं जग होतं. आता सगळे जमणार आहेत, तिच्याबद्दल तुम्ही बोलायचंय, आणि दोन शब्द झाले की कागद कोराच राहतोय. वाचून गलबललं. माझी आई गेली तेव्हा मीही ह्याच दोन शब्दांपाशी अडून बसले होते. दोन्ही खरे होते, पण ते शेजारच्या काकूंनाही तितकेच लागू पडत होते. मला माझी आई सांगायची होती.

मला ती सापडली मापांच्या वहीत. आई घरी शिवणकाम करायची. पुठ्ठ्याची लांबट वही, प्रत्येक पानावर वर नाव, खाली छाती, कंबर, मुंढा, बाही, उंची. माप बदललं तरी जुना आकडा खोडायचा नाही, शेजारी नवा लिहायचा आणि तारीख घालायची. माझं पान शाळेत जायच्या आधीपासूनचं होतं. फ्रॉकची उंची १८, मग २०, मग २३. बऱ्याच पानांनंतर माझ्या मुलीचं पान लागलं. रकाने तेच, अक्षर मात्र थरथरलेलं. २० इंची फ्रॉक तिने आम्हा दोघींनाही शिवलाय, मध्ये जवळजवळ तीस वर्षं गेली.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात, हे शिवणाऱ्यांना ठाऊक असेल. आई माझ्या फ्रॉकच्या घेराला चांगली चार बोटं माया सोडायची. मी उंच झाले की टीप उसवायची आणि घडी खाली घ्यायची. त्यामुळे जुन्या घडीची रेघ राहायची. रेघेच्या वरचं कापड धुऊन धुऊन विटलेलं, खालचं नव्यासारखं गडद. जुना फ्रॉक वाढवलाय हे लांबूनही कळायचं. मी एकदा त्यावरून खूप रडले. आई काही बोलली नाही. सकाळी उठून पाहिलं तर त्या रेघेवर बरोब्बर पांढरी लेस लावलेली होती. रात्री कधी बसली देव जाणे.

सगळ्यांसमोर मी एवढंच सांगितलं. ‘कष्टाळू’ हा शब्द वापरावाच लागला नाही.

म्हणून तुम्हाला विचारते, तुमच्या आईच्या हातात सतत काय असायचं? तिथून सुरुवात करा. आणि जे आठवेल ते आजच टिपून ठेवा, वाक्य नीट होण्याची वाट बघू नका. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली मांडलं की विसरणं सगळ्यात वेगाने सुरुवातीलाच होतं. आई म्हणजे पाठ केलेली अक्षरं नव्हेत, हे मान्य. तरी तिची हाक मारायची लकब, दार लावताना ती काय पुटपुटायची, असल्या बारीक गोष्टी माझ्या हातून फार लवकर निसटल्या. मोठ्या घटना राहिल्या. पण त्या सगळ्यांनाच माहीत असतात.

दुसरं, तिच्या वयाच्या माणसांना आधी गाठा. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला, अगदी अलीकडचं सोडलं तर, स्वतःच्या साधारण दहा ते तीस या वयातलं सर्वांत जास्त आठवतं, असं स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलंय. म्हणजे तिचं तरुणपण तुमच्याजवळ नाही, ते तिच्या बहिणीकडे, मैत्रिणीकडे आहे. “ती कशी होती?” असं विचाराल तर “फार चांगली होती हो” एवढंच मिळेल. “ती चिडली की काय करायची?”, “तुमचं दोघींचं कशावरून वाजायचं?” असं विचारा. मावशीने मला याच प्रश्नावर तासभर सांगितलं. परवानगी घेऊन फोनवर आवाज भरून घ्या आणि त्याची एक प्रत दुसरीकडेही ठेवा. जुन्या फोटोंमागे नावं लिहाल तर मऊ पेन्सिलने, कडेला, हात हलका ठेवून. पेनाची शाई पाझरते, आणि दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला वळ उठतात.

नातवंडांचं मात्र त्यांनाच बोलू द्या, कारण त्यांची आजी ही तुमची आई नव्हेच. आमच्याकडे कापडाची कात्री कागदाला लावायची नाही हा कायदा होता. मी एकदा लावली आणि पाठीत धपाटा खाल्ला. त्याच कात्रीने माझ्या मुलीने अख्ख्या वर्तमानपत्राच्या चांदण्या कापल्या आणि आई शेजारी बसून त्या मोजत होती. मला खरंच राग आला. म्हटलं, “आई, मला मारलं होतंस यावरून.” ती म्हणाली, “तेव्हा त्या कात्रीवर घर चालत होतं गं.” माझी मुलगी आजीबद्दल बोलली ती फक्त चांदण्यांबद्दल. तिला धपाटा माहीतच नाही, आणि मी तो तिथे मध्ये आणला नाही.

तिचा हट्टी स्वभाव सांगावा का, असंही तुम्ही विचारलंय. सांगा. तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात मला त्या एका ओळीतच ती जराशी दिसली. फक्त तो हट्ट कशासाठी होता तेही सांगा.

एक अगदी साधी सूचना. पाठ करून बोलू नका, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या आणि त्याची एक प्रत भावाबहिणीपैकी कुणाकडे तरी देऊन ठेवा. माझा आवाज लेसपाशी गेला. पुढचं भावाने वाचलं.