प्लॅनर स्पीकर घेतलेस भावा, आता अँपचं (अँप्लिफायरचं) बघ
जुने का असेनात, मॅग्नेपॅन कंपनीचे हे पातळ पडद्याचे चपटे स्पीकर घेतलेस ते बेस्ट केलंस भावा. आता पहिलं अँप, हे स्पीकर 4 ओहमचे, म्हणजे रोध कमी, आणि सेन्सिटिव्हिटी (दिलेल्या पॉवरला किती आवाज देतात ते) 86 डीबीच्या आसपास, कमीच, म्हणजे करंट पितात नुसते, तुझा होम थिएटरवाला रिसीव्हर तापून बंद पडेल बघ, 4 ओहमला दम धरणारा स्टिरिओ अँपच घे.
भिंतीला चिकटवू नकोस, मागूनही तेवढाच आवाज येतो, तीन फूट तरी सोड. मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीत कपाटाला टेकवलेले, बेस गायबच!
ट्विटर (स्पीकरचा बारीक, उंच सुरांचा भाग) गप्प झाला तर आधी फ्यूज, त्याच रेटिंगचा, मोठा नको. फरफर येत असली तर वायर मायलरवरनं (आतल्या पातळ प्लॅस्टिकच्या पडद्यावरनं) सुटली असणार, जुन्यात गोंद सोडतो, त्यात आपला पावसाळा, ओल आलेल्या भिंतीजवळ नकोच. सबवूफरचं (बेससाठीच्या वेगळ्या स्पीकरचं) नंतर बघू.