‘टेन्शन आलंय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

या वेळच्या जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘टेन्शन’ हा शब्द आहे. त्यामुळे त्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे. बाकीची उत्तरं थोडक्यात.

प्रश्न : आईला जाऊन तीन महिने झाले. कपाटात तिची साडी दिसली तरी रडू येतं. हा मानसिक आजार आहे का?

नाही, हे दुःख आहे. रडू येईल तेव्हा रडा. जेवणखाण, झोप किंवा रोजची कामं सुटली असतील, तर मात्र येऊन भेटा.

प्रश्न : वय ४१, बँकेत नोकरी. उठल्यापासून टेन्शन असतं. ऑडिट जवळ आलं की वाढतं. घरी आल्यावर मुलावर ओरडतो, मग त्याचं टेन्शन येतं. टेन्शन घालवायचा उपाय सांगा.

तुमच्या चार वाक्यांत किमान तीन वेगळ्या भावना आहेत आणि तुम्ही तिघींना एकच नाव दिलं आहे. ऑडिटची भीती आहे. मुलावर निघतो तो राग, आणि तोही बहुधा मुलाचा नाहीच, दिवसभर कुठेतरी गिळलेला आहे. ओरडून झाल्यावर उरतो तो अपराधीपणा. या तिघींवर एकच उपाय कसा चालेल? पुढे धोका दिसतो तेव्हा भीती वाटते, तिथे तयारी लागते. आपल्यावर अन्याय झाला असं वाटलं की राग येतो, तिथे योग्य माणसाशी बोलावं लागतं. अपराधी वाटत असेल तर मुलाजवळ बसून ‘माझं चुकलं’ म्हणावं लागतं.

आपल्या भाषेत शब्दांची काय कमी आहे? हुरहुर, घालमेल, धास्ती, रुखरुख, वैताग, उद्वेग, खंत. ‘जिवाला घोर लागलाय’ असं आजी म्हणायची तेव्हा घरातल्या सगळ्यांना कळायचं की तिला कुणाची तरी काळजी आहे. ‘टेन्शन आहे’ म्हटलं की समोरच्याला काहीच कळत नाही, आणि आपल्यालाही. माझ्याकडे येणारी कितीतरी माणसं वर्षानुवर्षं ‘टेन्शन’ म्हणत राहिली आणि नैराश्य किंवा चिंतेचा आजार अंगात मुरल्यावर आली. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून प्रत्येक वेळी हेच लिहिते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे मनातले विचार तपासून त्रास कमी करायची पद्धत, इथे उपयोगी पडते. भावना नकोशी असली तरी ती हिताची असू शकते, हे त्यांनी दाखवलं. काळजी आणि चिंता यांतला फरकच घ्या. ऑडिटची काळजी असलेला माणूस आदल्या दिवशी कागद लावून ठेवतो. चिंता असलेला पहाटे तीनला जागा होऊन छताकडे बघत राहतो आणि कागद तसेच राहतात. प्रसंग एकच, पण मनातलं वाक्य वेगळं. ‘चूक निघाली नाही तर बरं’ ही काळजी. ‘चूक निघताच कामा नये, निघाली तर मी कुचकामीच’ ही चिंता. मनातल्या वाक्यातला हा ‘च’ पकडायला शिका. झालंच पाहिजे, मिळालंच पाहिजे, त्यांनी असंच वागलं पाहिजे. बहुतेक वेळा त्रासाचं मूळ तिथे सापडतं.

दोन आठवडे एक वही ठेवा. काय घडलं, शरीरात कुठे जाणवलं आणि भावनेचं नाव, एवढंच लिहा. त्या वहीत ‘टेन्शन’ लिहायचं नाही. नाव सुचलं नाही तर शरीराकडे बघा. जबडा आवळला, कान तापले, तर बहुधा राग. पोटात गोळा, तळहात ओले, तर बहुधा भीती. त्या वेळी उपाशी होतात का, आदल्या रात्री झोप झाली होती का, तेही लिहा. ही वही घेऊन समुपदेशकाकडे जा. आणि त्याआधी फॅमिली डॉक्टरांना विचारून थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, कारण थायरॉईड बिघडल्यानेही चिडचिड आणि धडधड होते.

प्रश्न : राग आला की उशीवर ठोसे मारावेत, म्हणजे राग निघून जातो, असं एका व्हिडिओत पाहिलं. करू का?

नको. त्याने रागाला खतपाणी मिळतं. खोलीबाहेर पडा, चाला, अर्ध्या तासाने बोला.

प्रश्न : बोटांच्या ठशांवरून मुलीची भावनिक बुद्धिमत्ता सांगणारी चाचणी शाळेत आली आहे. करावी का?

एक रुपयाही देऊ नका. बोटांच्या ठशांवरून भावनिक बुद्धिमत्ता कळते याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. पालकांच्या काळजीवर चाललेला हा धंदा आहे. मुलीबद्दल खरंच शंका असेल तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मन अस्वस्थ असलं की शेजारच्या काकूंच्या गोळ्यांतली अर्धी अल्प्राझोलाम घेते. आठ महिने झाले. छान झोप लागते. चालेल ना?

चालणार नाही. काकूंची गोळी काकूंसाठी लिहिलेली आहे. चिंता कमी करणाऱ्या या औषधाची सवय लागते आणि पुढे अर्धीची एक, एकाची दोन होते. चिठ्ठीशिवाय ती देणारा दुकानदार तुमचं नुकसान करतो आहे. पण हे वाचून आज रात्री ती एकदम बंदही करू नका. इतक्या महिन्यांनी अचानक थांबवल्यास फिटचे (आकडीचे) झटके येऊ शकतात. ती हळूहळू कमी करावी लागते आणि ते मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. या आठवड्यात वेळ घ्या. अस्वस्थता कशाची होती, हे आठ महिन्यांत कुणी विचारलंच नाही. तेही तिथे सांगा.

प्रश्न : वडील ६३ वर्षांचे. निवृत्तीला वर्ष झालं. दोन महिने फारसं बोलत नाहीत, जेवण निम्म्यावर आलंय, पहाटे उठून नुसते बसून राहतात. ‘माझं आता काय काम’ म्हणतात. नातेवाईक सांगतात, निवृत्तीनंतर असं होतंच, पितृपक्ष होऊ दे, मग दाखवू.

नातेवाइकांचं ऐकू नका. उदासी, भूक जाणं, पहाटेची जाग हे दोन आठवडे जवळजवळ रोज दिसलं, तरी तपासणी करायला हवी. तुमच्याकडे दोन महिने होऊन गेलेत. नैराश्यावरच्या औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे आज थांबलेला प्रत्येक दिवस पुढे मोजावा लागतो.

आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘बाबा, जगणं नको असं मनात येतं का?’ विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं, किंवा ते नुसते गप्प राहिले, तर त्यांना एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. रात्री-अपरात्री ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

‘मला काही झालेलं नाही’ म्हणून ते यायला तयार नसतील, तर पहिल्यांदा तुम्ही एकटे या. त्यांना कसं आणायचं ते आपण मिळून ठरवू.