सोळावा अंक कुणी खाल्ला? (9007199254740993)

9007199254740993 च्या अंकांची बेरीज 78 येते, म्हणजे 3 ने भाग जायलाच हवा, पण ही संख्या टाकली की ब्राउझर शेवटी 3 ऐवजी 2 दाखवतो आणि ती सम ठरवतो. कराडहून तुम्ही लिहिलेलं हे वाचलं आणि सांगलीतली, विश्रामबागेतली माझी जुनी खोली आठवली. याच 9007199254740993 नं माझे तीन आठवडे खाल्लेत. तुमचं बरोबर आहे, चुकतोय तो ब्राउझर.

ही संख्या म्हणजे 2 चा 53 वा घात अधिक 1. ब्राउझर आकडे ज्या साच्यात ठेवतो त्यात नेमक्या 53 बिटांची, म्हणजे 0-1 च्या 53 जागांची, अचूकता असते. 1 पासून मोजत निघालात तर त्या साच्यात जागा न मिळणारी पहिली पूर्ण संख्या हीच, म्हणून ती शेवटी 992 असलेल्या शेजारच्या संख्येवर ढकलली जाते. एक्सेलची तऱ्हा आणखी न्यारी. ते पहिले 15 अंक ठेवतं आणि सोळाव्याच्या जागी बिनदिक्कत शून्य बसवतं.

मी तिथंच फसलो. वहीत अवयव आधीच काढले होते: 3 × 107 × 28059810762433. पण प्रकल्प जमा करायचा तर तक्ता त्यांच्याच एक्सेलच्या नमुन्यात हवा, असा एका कार्यालयाचा हट्ट. मी टाइप केलं, शेवटच्या 3 चा 0 झाला, आणि मला दिसलाच नाही. वर गंमत बघा, शीटमधल्या संख्येच्या अंकांची बेरीज घेतली तर 75. 3 ने भाग जातोय म्हटल्यावर मी निर्धास्त! 107 ने मात्र काही केल्या जाईना. दोन वह्या पुन्हा तपासल्या, रात्री भडंग खात खात. चूक वहीत नव्हतीच.

कळल्यावर कार्यालयात गेलो तर उत्तर, "नमुना बदलत नाही. एका अंकानं काय फरक पडतो?" अहो, मार्केट यार्डात हळदीच्या पट्टीतला शेवटचा अंक असा खाऊन दाखवा, शेतकरी अडत्याची गचांडी धरेल. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, "ही तर 10 ने जाते की!" असो.

कुणी सांगेल, संख्येच्या आधी अॅपॉस्ट्रॉफी (') टाका. टाका, अंक शाबूत राहतील, पण तो मजकूर झाला. हिशेबाला घेतलात की पुन्हा तेच. माझ्या मते या कामाला एक्सेल घ्यायचंच नाही. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा पूर्ण संख्या कितीही मोठी असो, जशीच्या तशी ठेवते. फक्त पुढं पॉइंट झीरो लावू नका, लावलंत की परत 992. ब्राउझरमध्येच करायचं असेल तर संख्येला चिकटून शेवटी इंग्रजी छोटा n लिहा.

अवयव शोधताना सरसकट भागत बसू नका. 3 सोडला तर या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव 106 च्या पटीपेक्षा 1 ने जास्तच असतो. 107 पहिल्याच उडीला सापडतो. मग उरलेल्या 28059810762433 चं वर्गमूळ सुमारे 53 लाख, म्हणजे 106 च्या उड्या मारत जेमतेम 50 हजार भागाकार. एकही जात नाही, म्हणून ती मूळ. ऑयलर या गणितज्ञानं 1732 मध्ये 4294967297 ला, म्हणजे 2 चा 32 वा घात अधिक 1 ला, 641 ने भाग जातो हे दाखवलं, तिथंही असंच आहे: 641 म्हणजे 64 × 10 + 1.

मी काही प्राध्यापक नाही, शिकवण्या घेतो, तेव्हा 106 चं कारण तुमच्या सरांकडून फर्माच्या छोट्या प्रमेयावरून समजून घ्या. आणि घरात कुणाचा बँक खाते क्रमांक 16 अंकी असेल तर तो एक्सेलमध्ये कसा उतरलाय ते आजच बघा.