डिटॅच अडकलं म्हणून जीडीबीला किल -९ देऊ नका

‘डिटॅच दाबलं की चक्र फिरतच राहतं, टर्मिनलमध्ये प्रॉम्प्टही परत येत नाही, आणि प्रोसेस तर प्रॉडक्शनची आहे.’ जीडीबी, म्हणजे चालू प्रोग्रॅमला जोडून तपासायचा डीबगर, डिटॅच होताना, म्हणजे प्रोसेसला सोडताना अडकलाय, हे तुमचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. हे सगळं मी भोगलंय. पीआयडी, परवानग्या, सिंबॉल वगैरे तुम्हाला येत असणार, ते सोडतो.

तुमचं डिटॅच अडकलेलं नाही, त्याआधीचं थांबवणं अडकलंय. लिनक्सचा पीट्रेस, म्हणजे डीबगरला दुसऱ्या प्रोसेसवर ताबा देणारा सिस्टिम कॉल, फक्त थांबलेला थ्रेड (प्रोसेसमधला कामाचा एक धागा) सोडतो. चालू थ्रेड सोडायला सांगितला तर ‘अशी प्रोसेसच नाही’ असं निर्लज्जपणे सांगतो. म्हणून जीडीबी आधी प्रत्येक थ्रेडला सिगस्टॉप (‘थांब’ असा सिग्नल) पाठवतो आणि सगळे थांबेपर्यंत वाट बघतो. चाळीस थ्रेडमधला एक जरी थांबला नाही तरी तो ताटकळत बसतो. हा हट्टी थ्रेड बहुतेक वेळा डी स्टेटमध्ये असतो, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) आत अशा झोपेत की सिगस्टॉप त्याच्यापर्यंत पोचतच नाही. टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) उघडून थ्रेड दिसायला कॅपिटल एच दाबा, एस च्या रकान्यात डी शोधा, मग रूट होऊन प्रॉकमधली त्या थ्रेडची स्टॅक फाइल वाचा, तो कर्नलच्या कोणत्या फंक्शनांत अडकलाय ते तिथे दिसतं. माझ्या वेळी तिथे एनएफएसची (नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरच्या फाइली वापरायची सोय) फंक्शनं होती. आमचं लॉगचं फोल्डर हार्ड माउंटवर (सर्व्हर उत्तर देईपर्यंत वाटच बघणाऱ्या) होतं आणि पलीकडचा सर्व्हर गपगार.

आता माझा मूर्खपणा. वैतागून मी जीडीबीलाच किल -९ (सक्तीने मारायची आज्ञा) दिलं. थोड्या वेळाने स्टोरेज परत आलं, तर आमची प्रोसेस टी स्टेटमध्ये, म्हणजे थांबलेली. अडकून पडलेला सिगस्टॉप त्या थ्रेडला आता मिळाला होता आणि त्याने अख्खी प्रोसेस थांबवली. सिगकॉन्ट (‘पुन्हा चालू हो’ असा सिग्नल) दिला, सगळं चालू झालं, मी चहाला गेलो.

माझा ब्रेकपॉइंट (‘इथे आलं की थांब’ अशी खूण) मात्र आतच राहिला होता. ब्रेकपॉइंट लावताना जीडीबी त्या जागेवरच्या सूचनेचा पहिला बाइट बदलून ०xसीसी लिहितो आणि नीट डिटॅच होताना मूळचा बाइट परत ठेवतो. मेलेला जीडीबी काय ठेवणार? थ्रेड तर कर्नल सोडून देतो, पण त्या बाइटशी त्याला देणंघेणं नसतं. आणि मी ब्रेकपॉइंट लावलेलं फंक्शन फक्त रात्रीच्या हिशेबात चालायचं. पावणेदोनला सिगट्रॅप (त्या ०xसीसीवर येणारा सिग्नल), प्रोसेस खलास, एक्झिट कोड १३३. दोन दिवस आम्ही मेमरी करप्शन शोधत होतो, आणि मला दुपारी लावलेला ब्रेकपॉइंट आठवेना!

स्टोरेज सांभाळणाऱ्या विभागाबद्दल काय सांगू. ‘पिंग लागतोय’ म्हणून तिकीट तीनदा बंद. वर सल्ला, माउंटला इंटर पर्याय (सिग्नलने अडकलेलं काम तोडू देणारा) लावा. अहो, कर्नल २.६.२५ पासून त्या पर्यायाला काही अर्थच उरलेला नाही, अडकलेलं एनएफएसचं काम फक्त सिगकिलने (तेच किल -९) तुटतं. हे त्यांना मॅन पेज दाखवून पटवावं लागलं.

माझं मत विचाराल तर जीडीबीला हातच लावू नका, मूळ आयओ (अडकलेलं वाचणं-लिहिणं) मोकळं करा. थ्रेड जागा झाला की सिगस्टॉप घेतो आणि डिटॅच आपोआप पूर्ण होतं. ते शक्य नसेल तर सोयीची वेळ ठरवून प्रोसेस रीस्टार्ट करा. एकही ब्रेकपॉइंट लावला नसेल तर जीडीबी मारणं तसं कमी धोक्याचं, पण नंतर सिगकॉन्ट द्यायला विसरू नका. हे सगळं एक्स८६-६४ लिनक्सपुरतं बोलतोय, मॅक-विंडोजचं मला विचारू नका. आणि प्रॉडक्शन तुमचं आहे, निर्णयही तुमचाच.

जाता जाता, नुसते स्टॅक बघायचे असतील तर ब्रेकपॉइंटच्या वाटेला न जाता बॅच मोडमध्ये सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनातून कोणतं बोलावलं त्याची यादी) काढून लगेच बाहेर पडा. आणि जोडतानाच अडकल्यासारखं वाटत असेल तर डीबगइन्फोडी बंद करून बघा, तो नेटवरून सिंबॉल (फंक्शनांची नावं वगैरे माहिती) उतरवत बसलेला असू शकतो.

डी मधल्या थ्रेडच्या स्टॅकच्या वरच्या चार-पाच ओळी इथे टाका. व्हीफोर्क (नवी ‘मूल’ प्रोसेस काढायचा कॉल) दिसला तर गोष्ट वेगळी आहे: मुलाने एक्झेक (दुसरा प्रोग्रॅम सुरू) किंवा एक्झिट करेपर्यंत आई डी मध्येच राहते, आणि मुलालाही डीबगरनेच थांबवलेलं असेल तर दोघं एकमेकांकडे बघत बसतात.