अर्ज स्वतः भर

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

गाडी चालवण्याचा अमेरिकेतला परवाना इथे भारतात चालतो का, या प्रश्नावर तुला तीन माणसांनी तीन उत्तरे दिली आणि शेवटी तू एजंटला फोन केलास, हे वाचून माझे डोके फिरले. मोटार वाहन कायदा, १९८८ यातले कलम ९ तू उघडून पाहिलेस का? परदेशातील सक्षम प्राधिकरणाने दिलेला त्याच वर्गातील वाहनाचा परवाना अर्जदाराकडे असेल, तर वाहन चालवण्याच्या चाचणीतून सूट मिळते, असे पोटकलम ३ मध्ये लिहिलेले आहे. मात्र तो परवाना चालू असायला हवा, आणि व्हिसावर राहणाऱ्यांच्या तिथल्या परवान्याची मुदत बहुधा मुक्कामाबरोबरच संपते. तेव्हा घाई कर, पण अर्ज स्वतः भर.

आरटीओच्या खिडकीवर सांगतील की अशी काही सोय नाही. मलाही तसेच सांगितले होते. मी कलमाची प्रत पुढे सरकवून नकार लेखी मागितला, तेव्हा लेखी द्यायला कोणी तयार होईना आणि मला आत साहेबांकडे पाठवले. मेव्हण्याने ठरवलेला एजंट मी परत धाडला होता. त्यावरून मेव्हणा दुखावला, अजूनही मोकळेपणाने बोलत नाही आणि ते मला लागून राहिले आहे. तरीही कायदा वाचून स्वतः अर्ज भरण्यात कसला हेकटपणा, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

शिकाऊ परवाना आधी काढायला लावला तर तिथे वाद घालू नकोस. तो सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. या दिवसांत शेजारी परवानाधारक बसवून हात बसव, कारण इथल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरचा दांडा उजवीकडे असतो आणि परत आलेला प्रत्येक जण वळणावर वायपर सुरू करतो.

आणि जाण्यापूर्वीचा तुझा भारतीय परवाना कुठे आहे? त्याविषयी तू अवाक्षर लिहिले नाहीस! त्याची मुदत संपून वर्ष झाले नसेल, तर चाचणीविना नूतनीकरण होते आणि वरचा सारा खटाटोपच वाचतो. आज कपाट धुंडाळ, तारीख पाहा आणि मला कळव. एजंटला फोन करू नकोस.

तुझा,
काका